एरिक डॉल्फी

एरिक अ‍ॅलन डॉल्फी (ज्युनियर) (२० जून १९२८, लॉस एंजेलिस – २९ जून १९६४, पश्चिम बर्लिन) हे अमेरिकन जॅझ वादक आणि संगीतरचनाकार होते. ऑल्टो सॅक्सोफोन, बेस क्लॅरिनेट आणि फ्लूट ही त्यांची तीन प्रमुख वाद्ये होत. बेस क्लॅरिनेटला जॅझमध्ये एकल वाद्याची प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना दिले जाते.

डॉल्फी यांच्या वादनात जॅझमधील उत्स्फूर्तता आणि विसाव्या शतकातील पाश्चात्त्य अभिजात संगीताची स्वरदृष्टी एकत्र आली. चेलो, गजाने वाजवलेला डबल बास आणि तंतुवाद्य चतुष्क यांच्यासोबत त्यांनी केलेले काम प्रयोगशील चेंबर संगीताच्या, म्हणजे मोजक्या वादकांनी समान जबाबदारीने सादर करायच्या संगीताच्या, इतिहासात महत्त्वाचे मानले जाते. त्यांची स्वतंत्र कारकीर्द जेमतेम चार-पाच वर्षांची ठरली. वयाच्या ३६व्या वर्षी मधुमेहाने त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा तंतुवाद्य चतुष्कासाठीची त्यांची एक रचना लिहून व्हायची होती.

बालपण आणि शिक्षण

डॉल्फी यांचे आईवडील पनामातून अमेरिकेत स्थलांतरित झालेले, कॅरिबियन वंशाचे होते. एरिक हे त्यांचे एकुलते अपत्य. लहान वयातच त्यांनी क्लॅरिनेट शिकण्यास सुरुवात केली. शालेय वयात ते ओबोही वाजवू लागले. पुढे ऑल्टो सॅक्सोफोन आणि फ्लूट यांची त्यात भर पडली. लॉस एंजेलिस सिटी कॉलेजमध्येही त्यांनी संगीताचे शिक्षण घेतले.

त्यांच्यावर ज्या शिक्षकांचा प्रभाव पडला त्यांत लॉइड रीस यांचे नाव महत्त्वाचे आहे. चार्ल्स मिंगस आणि डेक्स्टर गॉर्डन हेही रीस यांचेच विद्यार्थी. अभिजात संगीताची शिस्त आणि जॅझची उपज या दोन्ही गोष्टी डॉल्फी यांनी एकाच काळात आत्मसात केल्या. त्यामुळे पुढे या दोन परंपरा त्यांच्या वादनात एकत्र आल्या तेव्हा त्यांपैकी एक मूळची आणि दुसरी उसनी असा भेद राहिला नाही.

त्या काळातील अमेरिकेत मात्र हा भेद समाजाने पक्का केलेला होता. मोठ्या सिंफनी वाद्यवृंदांचे दरवाजे कृष्णवर्णीय वादकांना जवळजवळ बंद होते. डॉल्फी यांचे पुढील काळातील दोन निकटचे सहकारी, चार्ल्स मिंगस आणि रॉन कार्टर, हे दोघेही मूळचे चेलोवादक. अभिजात संगीतात कृष्णवर्णीय चेलोवादकाला भवितव्य नाही हे लक्षात आल्यामुळे दोघेही डबल बासकडे वळले होते.

लष्करी सेवा आणि लॉस एंजेलिसमधील वर्षे

१९४०च्या दशकाच्या अखेरीस डॉल्फी यांनी ढोलवादक रॉय पोर्टर यांच्या मोठ्या वाद्यवृंदात ऑल्टो सॅक्सोफोन वाजवला. त्यांची पहिली ध्वनिमुद्रणे याच वाद्यवृंदातील आहेत. १९५० मध्ये ते अमेरिकी लष्करात दाखल झाले. लष्करी सेवेत असताना त्यांनी नौदलाच्या संगीतविद्यालयातही शिक्षण घेतले. १९५३ मध्ये ते सेवामुक्त होऊन लॉस एंजेलिसला परतले.

वडिलांनी त्यांच्यासाठी घराच्या मागील अंगणात सरावाची एक खोली बांधून दिली होती. शहरात येणारे अनेक वादक तेथे जमत. ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउन हे त्यांपैकी एक. दीर्घकाळ सराव करण्यासाठी डॉल्फी ओळखले जात. मद्य आणि अमली पदार्थ यांपासून ते कटाक्षाने दूर राहिले. वयाची तिशी येईपर्यंत त्यांचे नाव कॅलिफोर्नियाबाहेर फारसे कोणाला माहीत नव्हते.

चिको हॅमिल्टन यांचे पंचक

१९५८ मध्ये डॉल्फी ढोलवादक चिको हॅमिल्टन यांच्या पंचकात सामील झाले. या पंचकात पियानो आणि ट्रम्पेट नव्हते; सुषिरवाद्य, गिटार, डबल बास आणि ढोल यांच्या जोडीला चेलो होता. जॅझच्या रूढ संचापेक्षा हा घाट चेंबर संगीताला जवळचा होता. सुषिरवादकाने फ्लूट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन अशी अनेक वाद्ये हाताळावीत, अशी तेथे अपेक्षा असे. डॉल्फी यांना ही जागा अनुरूप ठरली.

त्याच वर्षी न्यूपोर्ट जॅझ महोत्सवात या पंचकाने केलेले वादन 'जॅझ ऑन अ समर्स डे' या माहितीपटात चित्रित झाले. त्यात डॉल्फी फ्लूट वाजवताना दिसतात. या पंचकासोबत तंतुवाद्यांचा मोठा ताफा घेऊन 'विथ स्ट्रिंग्ज अटॅच्ड' ही ध्वनिमुद्रिकाही तयार झाली. ड्यूक एलिंग्टन यांच्या रचनांवर आधारलेले १९५८ मधील आणखी एक ध्वनिमुद्रण मात्र त्या वेळी बाजूला ठेवण्यात आले. ते रसिकांसमोर आले २००० साली, डॉल्फी यांच्या मृत्यूनंतर ३६ वर्षांनी.

न्यू यॉर्क आणि 'आउट देअर'

१९५९ च्या अखेरीस डॉल्फी न्यू यॉर्कला स्थायिक झाले आणि चार्ल्स मिंगस यांच्या संचात वाजवू लागले. ऑक्टोबर १९६० मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या 'व्हॉट लव्ह' या रचनेत मिंगस यांचा डबल बास आणि डॉल्फी यांचे बेस क्लॅरिनेट यांच्यात दीर्घ संवाद आहे. त्यातील स्वरांचे चढउतार मानवी बोलण्याच्या इतके जवळ जातात, की डॉल्फी यांनी संच सोडण्यावरून झालेला वादच दोघे वाद्यांवर मांडत आहेत, अशा अर्थाने तो ऐकला जातो.

१९६० मध्ये प्रेस्टीज कंपनीसाठी त्यांनी स्वतःच्या नावावर ध्वनिमुद्रण सुरू केले. पहिली ध्वनिमुद्रिका 'आउटवर्ड बाउंड' ही एप्रिल महिन्यातील. १५ ऑगस्ट रोजी ध्वनिमुद्रित झालेल्या 'आउट देअर'मध्ये पियानो किंवा दुसरे कोणतेही सुषिरवाद्य नाही. डॉल्फी यांच्यासमोर रॉन कार्टर यांचा चेलो आहे. साथीला जॉर्ज डुव्हिव्हिए यांचा डबल बास आणि रॉय हेन्स यांचे ढोल आहेत.

या ध्वनिमुद्रिकेत चेलो पार्श्वभूमी सजवण्यासाठी आलेला नाही. शीर्षकरचनेत ऑल्टो सॅक्सोफोन आणि चेलो मुख्य धून एकत्र वाजवतात आणि नंतर दोघेही उपज करतात. कार्टर कधी गजाने, तर कधी बोटांनी तारा छेडून वाजवतात. पियानो नसल्यामुळे स्वरसंगती आधीपासून निश्चित होत नाही. ती सुषिरवाद्य आणि तंतुवाद्य यांच्या दोन ओळींमधून क्षणाक्षणाला घडत जाते. मिंगस यांच्या 'इक्लिप्स' या रचनेत डॉल्फी यांनी नेहमीचे क्लॅरिनेट वाजवले. 'द बॅरन' ही त्यांची स्वतःची रचना मिंगस यांना उद्देशून आहे. आपल्या वाद्याकडून परिस्थितीने दूर केलेल्या चेलोवादकाला डॉल्फी यांच्या या संचात पुन्हा प्रमुख स्थान मिळाले.

थर्ड स्ट्रीम

हॉर्नवादक आणि संगीतरचनाकार गुंथर शुलर यांनी १९५७ मध्ये जॅझ आणि अभिजात संगीत यांच्या संगमातून निर्माण होणाऱ्या संगीतासाठी 'थर्ड स्ट्रीम', म्हणजे तिसरा प्रवाह, अशी संज्ञा वापरली. लिखित अभिजात रचना अचूक वाचणारे आणि त्याच वेळी जॅझच्या अंगाने उपज करणारे वादक या प्रवाहाला हवे होते. असे वादक मोजके होते आणि डॉल्फी त्यांत अग्रेसर ठरले.

डिसेंबर १९६० मध्ये 'जॅझ अ‍ॅब्स्ट्रॅक्शन्स' या ध्वनिमुद्रिकेसाठी शुलर यांनी जॅझ वादकांना एका तंतुवाद्य चतुष्कासोबत, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो यांच्यासोबत, बसवले. थेलोनियस मंक यांच्या धुनेवर शुलर यांनी रचलेल्या आवर्तनांत डॉल्फी आणि ऑर्नेट कोलमन एकत्र ऐकू येतात. त्याच आठवड्यात, २१ डिसेंबर रोजी, डॉल्फी यांनी कोलमन यांच्या 'फ्री जॅझ' या दुहेरी चतुष्काच्या ध्वनिमुद्रणात बेस क्लॅरिनेट वाजवले आणि त्याच दिवशी स्वतःची 'फार क्राय' ही ध्वनिमुद्रिकाही पूर्ण केली. पूर्णपणे लिहिलेल्या संगीतापासून जवळजवळ काहीच न लिहिलेल्या संगीतापर्यंतचा त्यांचा आवाका या काही दिवसांत स्पष्ट होतो.

पुढे पियानोवादक जॉन लुईस यांनी स्थापन केलेल्या 'ऑर्केस्ट्रा यू.एस.ए.' या मिश्र वाद्यवृंदातही डॉल्फी सहभागी झाले.

भारतीय संगीताशी संबंध

डॉल्फी यांना भारतीय संगीताविषयी आस्था होती. १९६० मध्ये त्यांनी तबला आणि तंबोरा यांच्या साथीने फ्लूटवर केलेले एक वादन ध्वनिमुद्रित झाले. 'इम्प्रोव्हायझेशन्स अँड तुक्राज' या त्याच्या शीर्षकात तबल्यातील 'तुकडा' ही संज्ञा आहे. हे ध्वनिमुद्रण १९८७ मध्ये 'अदर आस्पेक्ट्स' या ध्वनिमुद्रिकेत प्रकाशित झाले.

नोव्हेंबर १९६१ मध्ये न्यू यॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबात जॉन कोल्ट्रेन यांच्या संचाने 'इंडिया' ही रचना वाजवली. दोन डबल बास तंबोऱ्याप्रमाणे आधारस्वर धरून ठेवतात आणि त्यावर कोल्ट्रेन यांचा सोप्रानो सॅक्सोफोन व डॉल्फी यांचे बेस क्लॅरिनेट विस्तार करतात, असे तिचे स्वरूप आहे.

पक्ष्यांच्या आवाजाचेही डॉल्फी यांना आकर्षण होते. पक्ष्यांच्या शिळेत पियानोच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधले सूक्ष्म स्वर येतात आणि फ्लूटवर तसेच स्वर काढण्याचा प्रयत्न आपण करतो, असे त्यांनी मुलाखतीत सांगितले होते.

टीका

१९६१ हे वर्ष डॉल्फी यांच्यासाठी यशाचे आणि आघातांचेही होते. जुलै महिन्यात तरुण ट्रम्पेटवादक बुकर लिटल यांच्यासोबत त्यांनी फाइव्ह स्पॉट या क्लबात केलेले वादन ध्वनिमुद्रित झाले. ऑक्टोबरमध्ये लिटल यांचे अवघ्या २३व्या वर्षी निधन झाले आणि हा संच संपला.

कोल्ट्रेन यांच्यासोबतच्या वादनावर 'डाउनबीट' या नियतकालिकात कठोर टीका झाली. हे वादन जॅझच्या विरोधात जाणारे आहे, असा ठपका समीक्षक जॉन टायनन यांनी ठेवला. एप्रिल १९६२ मध्ये त्याच नियतकालिकाने कोल्ट्रेन आणि डॉल्फी यांना उत्तर देण्याची संधी दिली. दोघांनीही संयमाने आपली भूमिका मांडली. तरीही या वादाचा परिणाम डॉल्फी यांना मिळणाऱ्या कामावर झाला. जॅझ क्लबांना ते फार प्रयोगशील वाटत, तर अभिजात संगीताच्या संस्थांमध्ये कृष्णवर्णीय जॅझ वादकाला नियमित स्थान नव्हते. समव्यावसायिकांत मान असूनही स्वतःचा कायमस्वरूपी संच त्यांना उभा करता आला नाही.

वादनशैली

डॉल्फी यांच्या वादनातील सर्वांत ठळक विशेष म्हणजे मोठी स्वरांतरे. लगतच्या स्वरांवरून क्रमाने जाण्याऐवजी ते एका सप्तकातून दुसऱ्या सप्तकात अचानक झेप घेतात. ऐकताना ही झेप अनपेक्षित वाटली, तरी मूळ रचनेच्या स्वरसंगतीशी तिचे नाते सहसा तुटत नाही.

बेस क्लॅरिनेट हे नेहमीच्या क्लॅरिनेटपेक्षा एक सप्तक खाली वाजणारे वाद्य. जॅझमध्ये हॅरी कार्नी यांच्यासारख्या वादकांनी ते क्वचित वापरले होते. एरवी ते वाद्यवृंदात खर्ज भरण्यापुरते मर्यादित होते. डॉल्फी यांनी त्याचा संपूर्ण आवाका उपयोगात आणला. खर्जातील लाकडी गुंजन, वरच्या सप्तकातील किंकाळीसारखे स्वर, फुंकीचा आणि ओठांचा दाब बदलून एकाच वेळी काढलेले एकाहून अधिक स्वर आणि बोलण्यासारखे हुंकार हे सारे त्यांच्या वादनात येते. सप्टेंबर १९६१ मध्ये कोपनहेगन येथे 'गॉड ब्लेस द चाइल्ड' हे गीत त्यांनी कोणत्याही साथीविना केवळ बेस क्लॅरिनेटवर सादर केले. त्याचे ध्वनिमुद्रण या वाद्याच्या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा मानले जाते.

तंतुवाद्यांशी त्यांचे जुळणे याच गुणांमुळे शक्य झाले. गजाने वाजवलेल्या तारेवर स्वर वाढवता, घासता, सरकवता आणि कंपित करता येतो. डॉल्फी यांनी फुंकेच्या वाद्यात तशीच लवचीकता आणली, त्यामुळे दोन्ही प्रकारच्या वाद्यांचे नाद एकमेकांत मिसळू शकले.

१९६२ ते १९६४

१९६२ मध्ये कॅलिफोर्नियातील ओहाय संगीत महोत्सवात डॉल्फी यांनी एद्गार व्हारेझ यांची 'डेन्सिटी २१.५' ही एकल फ्लूटसाठीची रचना वाजवली. १९३६ मधील या रचनेचे नाव प्लॅटिनमच्या घनतेवरून आलेले आहे. फ्लूटच्या कळांचा आवाजही तिच्यात संगीताचा भाग म्हणून योजलेला आहे. आधुनिक अभिजात संगीतातील या कठीण रचनेसाठी जॅझ वादकाची निवड होणे ही त्या काळी असाधारण बाब होती.

जुलै १९६३ मध्ये डॉल्फी यांनी डबल बासवादक रिचर्ड डेव्हिस यांच्यासोबत युगुलवादने ध्वनिमुद्रित केली. डेव्हिस जॅझप्रमाणेच सिंफनी वाद्यवृंदांतही वाजवत. 'अलोन टुगेदर' या सुमारे १३ मिनिटांच्या वादनात बेस क्लॅरिनेट आणि डबल बास याखेरीज काहीही नाही. ठेका धरणारा ढोल नसताना दोघे कधी एकमेकांना वाट करून देतात, तर कधी समांतर चालतात. डॉल्फी यांच्या चेंबर संगीताचा हा सर्वांत निखळ नमुना समजला जातो.

२५ फेब्रुवारी १९६४ रोजी ब्लू नोट कंपनीसाठी 'आउट टू लंच' ही ध्वनिमुद्रिका तयार झाली. तिच्यात फ्रेडी हबर्ड (ट्रम्पेट), बॉबी हचरसन (व्हायब्राफोन), रिचर्ड डेव्हिस (डबल बास) आणि अवघ्या १८ वर्षांचे टोनी विल्यम्स (ढोल) यांचा सहभाग आहे. पाचही रचना डॉल्फी यांच्या आहेत. 'हॅट अँड बियर्ड' ही थेलोनियस मंक यांना, तर 'गॅझेलोनी' ही इटालियन फ्लूटवादक सेव्हेरिनो गॅझेलोनी यांना उद्देशून आहे. 'समथिंग स्वीट, समथिंग टेंडर'मध्ये बेस क्लॅरिनेट आणि गजाने वाजवलेला डबल बास मुख्य धून एकत्र गातात. प्रयोगशील जॅझमधील सर्वश्रेष्ठ ध्वनिमुद्रिकांत तिची गणना होते. ती प्रकाशित झाली तेव्हा डॉल्फी हयात नव्हते.

युरोप आणि मृत्यू

एप्रिल १९६४ मध्ये डॉल्फी मिंगस यांच्या षट्कासोबत युरोपच्या दौऱ्यावर गेले. या दौऱ्यात 'मेडिटेशन्स' ही रचना वाजवली जाई. अमेरिकेच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीयांना विजेच्या तारांच्या कुंपणामागे कसे डांबले जाते, हे डॉल्फी यांनी सांगितल्यावरून ती सुचली, असे मिंगस श्रोत्यांना सांगत. तिच्या प्रारंभी डॉल्फी यांचा फ्लूट आणि मिंगस यांचा गजाने वाजवलेला डबल बास एकत्र येतात.

दौरा संपल्यावर युरोपातच राहण्याचा निर्णय डॉल्फी यांनी घेतला होता. स्वतःचे संगीत वाजवून अमेरिकेत उदरनिर्वाह होत नाही, हे त्यामागचे प्रमुख कारण होते. त्यांची वाग्दत्त वधू पॅरिसमध्ये होती आणि दोघांचा विवाह ठरलेला होता. मिंगस यांनी निरोपादाखल केलेल्या रचनेला 'सो लाँग एरिक' असे नाव दिले. २ जून रोजी नेदरलँड्समधील हिल्व्हरसम येथे मिशा मेंगेलबर्ग, जॅक शोल्स आणि हान बेनिंक या डच वादकांसोबत केलेले त्यांचे वादन नंतर 'लास्ट डेट' या नावाने प्रकाशित झाले.

जूनच्या अखेरीस ते एका क्लबातील कार्यक्रमासाठी पश्चिम बर्लिनला गेले. तेथे पोहोचले तेव्हाच त्यांची प्रकृती ढासळलेली होती. त्यांना मधुमेह होता, परंतु त्याचे निदान तोवर झालेले नव्हते. २९ जून १९६४ रोजी रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांच्या अखेरच्या तासांविषयी परस्परभिन्न हकिकती आहेत. जॅझ वादक म्हणजे अमली पदार्थांचे सेवन करणारा, असे गृहीत धरून उपचारांना विलंब झाला, असे काही सहकाऱ्यांचे म्हणणे होते; दुसऱ्या हकिकतीनुसार मधुमेह ओळखला गेला, मात्र इन्सुलिनचा विपरीत परिणाम झाला. नऊ दिवसांपूर्वीच त्यांनी वयाची ३६ वर्षे पूर्ण केली होती. लॉस एंजेलिस येथे त्यांचे दफन करण्यात आले.

अप्रकाशित कागदपत्रे

अखेरच्या काळात डॉल्फी 'लव्ह सूट' नावाची तंतुवाद्य चतुष्कासाठीची रचना लिहीत होते. आयुष्यभर तंतुवादकांसोबत वाजवलेल्या डॉल्फी यांचे केवळ तंतुवाद्यांसाठीचे हे काम अपूर्ण राहिले.

युरोपला निघण्यापूर्वी त्यांनी आपली हस्तलिखिते आणि ध्वनिफिती संगीतरचनाकार हेल स्मिथ व त्यांच्या पत्नीकडे ठेवण्यास दिल्या होत्या. स्मिथ दांपत्याने त्या अनेक वर्षे सांभाळून पुढे फ्लूटवादक जेम्स न्यूटन यांच्याकडे सोपवल्या. 'अदर आस्पेक्ट्स' ही ध्वनिमुद्रिका याच ठेव्यातून निघाली. २०१४ मध्ये हस्तलिखिते अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे जमा झाली.

वारसा

मृत्यूच्या वर्षीच 'डाउनबीट'ने आपल्या मानकऱ्यांच्या यादीत डॉल्फी यांचा समावेश केला. काही वर्षांपूर्वी त्यांच्यावरील टीका याच नियतकालिकात छापून आली होती. मिंगस यांनी त्याच वर्षी जन्मलेल्या आपल्या मुलाचे नाव एरिक डॉल्फी मिंगस असे ठेवले. डॉल्फी यांच्या आईने त्यांचे फ्लूट आणि बेस क्लॅरिनेट कोल्ट्रेन यांना दिले. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत कोल्ट्रेन यांनी ही दोन्ही वाद्ये वाजवली.

बेनी मॉपिन, डेव्हिड मरे, मिशेल पोर्ताल यांसारख्या वादकांनी बेस क्लॅरिनेटची परंपरा पुढे नेली. सॅक्सोफोन आणि चेलो यांना समोरासमोर ठेवणारे संच १९७०च्या दशकात पुन्हा दिसू लागले. ज्युलियस हेम्फिल आणि चेलोवादक अब्दुल वदूद यांचे काम त्याचे परिचित उदाहरण होय.

निवडक ध्वनिमुद्रिका

आउटवर्ड बाउंड (ध्वनिमुद्रण १९६०)
आउट देअर (१९६०)
फार क्राय (१९६०)
अ‍ॅट द फाइव्ह स्पॉट (१९६१)
कॉन्व्हर्सेशन्स (१९६३)
आयर्न मॅन (१९६३)
आउट टू लंच (१९६४)
लास्ट डेट (१९६४)
अदर आस्पेक्ट्स (१९६०च्या दशकातील ध्वनिमुद्रणे, प्रकाशन १९८७)